सैल पळ

शंभर मीटरची शर्यत बघणाऱ्याला वाटतं, पळणारी प्रत्येक जण जीव तोडून पळते आहे. माझ्या वर्गातल्या मुलीनं खरोखर जीव तोडला तर तिचे गुडघे एकमेकांना घासू लागतात, चवडे आत वळतात, मुठी आवळून छातीशी येतात आणि साठ मीटरच्या पुढे पाय तिचं ऐकेनासे होतात. मी टी३५ वर्गात धावले. सेरेब्रल पाल्सीमुळे मुख्यतः दोन्ही पाय ताठर असलेल्या, पण कशाच्याही आधाराविना पळू शकणाऱ्या धावपटूंचा हा वर्ग. मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडलेले आणि उभ्यानं धावणारे खेळाडू टी३५ ते टी३८ अशा चार वर्गांत येतात. आकडा लहान तितकी अडचण मोठी. या वर्गात तेरा-चौदा सेकंदांत शंभर मीटर संपवणाऱ्या बायका जगात आहेत. मी त्यांच्यातली नव्हते. राज्यात धावले, देशात धावले, पदकं मिळाली, आणि भारताच्या संघात न जाताच थांबले. तरी धावणं हे माझं काम होतं. त्या कामात मला जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मी सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं आमच्या भागात कुणी नव्हतं.

जेम्स लान्स नावाच्या ऑस्ट्रेलियन मेंदूतज्ज्ञांनी १९८० मध्ये स्नायूंच्या या ताठरपणाची व्याख्या केली. तिचा गाभा असा, की स्नायू जितक्या वेगानं ताणला जाईल तितका तो जास्त विरोध करतो. गंजलेल्या बिजागरीचं दार हळू ढकललं तर उघडतं आणि दणका दिला तर अडकतं, तसं. आता शंभर मीटर पळताना काय होतं ते बघा. मागे गेलेला पाय झपाट्यानं पुढे येतो, मांडीच्या मागचा स्नायू क्षणात पूर्ण ताणला जातो, पाऊल पडतं, पोटरी ताणली जाते, आणि हे सगळं सेकंदाला कित्येकदा. म्हणजे ज्या एका गोष्टीनं आमचा स्नायू अडतो तीच गोष्ट ही शर्यत आमच्याकडे मागते. लांब पल्ल्याचं चालणं, पोहणं, सायकल यांत आम्हाला ताठरपणाला वळसा घालून जाता येतं. शंभर मीटरमध्ये त्याच्या समोरूनच जावं लागतं. मला ही शर्यत आवडली ती यामुळेच, असं आता मागे वळून बघताना वाटतं. तेव्हा नुसती आवडली होती.

मी सातव्या महिन्यात जन्मले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो. तिथे रक्त कमी पडलं की इजा होते, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांना लागून जातात. हातांचे तंतू जरा लांबून. म्हणून माझे पाय ताठर आणि हात बऱ्यापैकी ठीक. ही इजा वाढत नाही आणि भरूनही येत नाही. हे मला पुण्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा मी दहावीत होते. तोवर घरात बाकीचीच कारणं चालत. ग्रहणात आई बाहेर पडली होती, तिनं हंडा उचलला होता, आत्याचं ऐकलं नाही. आईनं तो सगळा दोष वर्षानुवर्षं मुकाट्यानं स्वतःकडे घेतला होता. मॅडमचा कागद मी साताऱ्याला घरी आणला आणि आईला तंतू कुठून जातात ते बोट ठेवून दाखवलं. तिनं दोनदा विचारून घेतलं. मग तो कागद देवघराखालच्या फडताळात ठेवला. अजून तिथेच आहे.

लहानपणी पायांना कॅलिपर होते. माझे वडील, अण्णा, एस. टी. च्या डेपोत मेकॅनिक, त्यामुळे कॅलिपरची कडी ढिली झाली की पुण्याला जावं लागत नसे. बुटांचं पुढचं टोक मात्र महिन्या-दीड महिन्यात झिजून जायचं, कारण माझी टाच टेकतच नव्हती आणि चवडा जमिनीवरून घासत जायचा. अण्णा टायरचं रबर कापून टोकाला चिकटवायचे. पुढे पोटरीचा स्नायू लांब करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिचे व्रण आजही दोन्ही पायांवर आहेत. शर्यतीची अर्धी चड्डी पहिल्यांदा घालायची वेळ आली तेव्हा पाय दिसणार याचीच मला जास्त भीती वाटली होती, धावण्याची नव्हे.

मैदानावर मला नेलं ते शाळेतल्या खेळाच्या सरांनी. त्यांनी सेरेब्रल पाल्सीबद्दल काही वाचलेलं नव्हतं. पण चाळीस वर्षं पोरं पळताना बघितलेला माणूस होता तो. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमच्या मातीत त्यांनी मला पहिल्यांदा पळवलं आणि काही न बोलता माझ्याभोवती गोल फिरून चेहरा बघितला. म्हणाले, "पोरी, तू दात का आवळतेस?" मी म्हटलं, जोर लावते. ते म्हणाले, "तुझे दात आवळले की तुझ्या मांड्या आवळतात. मला दिसतंय. तोंड उघडं ठेव आणि सैल पळ."

हे त्यांनी नुसतं डोळ्यांनी ओळखलं होतं. शरीराच्या एका भागात जोर लावला की दुसऱ्या भागातले ताठर स्नायूही आवळतात, हे शास्त्र मला नंतर कळलं. निरोगी माणसातही थोडं असतं. जड बरणीचं झाकण उघडताना आपण ओठ दाबतो. आमच्यात ते कितीतरी पटींनी असतं. सरांनी त्यावर स्वतःच उपाय काढला. मैदानाच्या कडेच्या पिंपळाची वाळलेली पानं उचलायची, एकेक पान दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत धरायचं आणि पळायचं. पान चुरगाळलं तर ती फेरी धरायची नाही. सुरुवातीला माझी पानं दहा मीटरमध्ये चुरा व्हायची. पुढे पन्नास मीटर टिकू लागली, आणि ज्या फेरीत पान अख्खं राहायचं त्या फेरीचं टायमिंग नेहमी चांगलं असायचं. सर घड्याळ माझ्यापुढे धरायचे. मी जोर कमी लावला होता आणि वेळही कमी लागली होती. माझ्या मनाला हे पटायला फार दिवस लागले, कारण जन्मापासून मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: प्रयत्न कर, अजून प्रयत्न कर, तुला इतरांपेक्षा जास्त प्रयत्न करायला हवेत.

हे सांगणारे चांगले लोक होते. पण अपंग मुलाला 'जिद्द' हा एकच गुण शिकवायचा, ही आपली सवय मला धोक्याची वाटते. जिद्दीनं पळणारी टी३५ची धावपटू साठ मीटरला मोडते. आम्हाला जिद्द लागते ती पहाटे उठायला, ताण द्यायला, परत परत तेच करायला. शर्यतीच्या पंधरा-सोळा सेकंदांत ती बाजूला ठेवता यायला हवी. हे कौशल्य आहे, आणि कौशल्य शिकवावं लागतं. त्यासाठी शिकवणारा लागतो, घड्याळ लागतं, मैदान लागतं. कौतुकानं ते येत नाही.

सरावाचं बरंचसं काम दिसायला धावण्यासारखं नव्हतं. वॉर्मअपला इतर मुलींना वीस मिनिटं पुरत, मला तासभर लागे. थंडीत ताठरपणा वाढतो आणि साताऱ्याची डिसेंबरातली पहाट काही सोपी नाही. आई गरम पाण्याच्या पिशव्या बांधून द्यायची, त्या मी मांड्यांना लावून बसायचे. मग हळूहळू ताण, मग चालणं, मग गुडघे उचलून चालणं, मग कुठे सैल धावणं. जोरात पळायच्या फेऱ्या थोड्या आणि मध्ये विश्रांती भरपूर. दमल्यावर माझी पावलं कात्रीसारखी आत येतात, आणि दमलेल्या अवस्थेत पळत राहिलं तर शरीर तीच चुकीची चाल पक्की करून ठेवतं. "थांब" हा शब्द सर इतर मुलांपेक्षा मला जास्त वेळा ऐकवत.

वजनं उचलायला मी पुण्याला शिकले. ताठर स्नायूला वजनाचा व्यायाम देऊ नये, ताठरपणा आणखी वाढेल, असं पूर्वी फिजिओथेरपीत मानलं जाई. गेल्या तीसेक वर्षांतल्या अभ्यासांनी ते खोडून काढलं. ताठर स्नायू मजबूत असतो हा गैरसमज आहे. तो ताठर असतो आणि अशक्तही असतो. मॅडमनी माझ्या नितंबाच्या आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंवर वर्षभर काम केलं, तेव्हा गुडघे एकमेकांवर आपटणं कमी झालं. त्या एका वर्षात माझं टायमिंग जितकं सुधारलं तितकं नंतर कधीच सुधारलं नाही.

आणि बंदूक. अचानक मोठा आवाज झाला की हात-पाय उडतात ही तान्ह्या बाळाची प्रतिक्रिया असते, ती वाढत्या वयात दबून जाते. आमच्यातल्या अनेकांच्यात ती टिकून राहते. स्टार्टरनं बंदूक उडवली की इतर धावपटू पुढे झेपावतात आणि माझे हात वर उडून पाठ ताठ व्हायची. शर्यतीतला सगळ्यात महागडा क्षण मी दचकण्यात घालवायचे. सरांनी लाकडी क्लॅपर घेतला आणि महिनोन् महिने तो वाजवला. कधी माझ्या मागे, कधी बाजूला, कधी 'सेट' म्हटल्यावर लगेच, कधी इतका उशिरा की मी वाट बघून कंटाळावं. दचकणं गेलं नाही. पण दचकून परत सैल होण्याला लागणारा वेळ कमी झाला. आमच्या वर्गाला खाली वाकून ब्लॉकमधून सुरुवात करण्याची सक्ती नसते; मी उभ्यानंच सुरुवात करायचे. एक पाय पुढे, वजन पुढच्या चवड्यावर, तोंड किंचित उघडं.

या कामातला सगळ्यात कठीण भाग मैदानाच्या बाहेर, एका खोलीत असतो. वर्गीकरणाची खोली. आम्ही सगळे तिला 'क्लासिफिकेशन' म्हणतो. आत टेबल असतं, कमीत कमी दोन तज्ज्ञ असतात. एक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, दुसरा खेळातल्या हालचालींचा जाणकार. तुम्ही अर्ध्या चड्डीत टेबलावर बसता. अनोळखी माणूस तुमचा घोटा हातात घेतो, आधी हळू वाकवतो, मग झटक्यानं. झटक्यानं वर ढकलला की माझा पाय आपोआप थडथडू लागतो, तो थांबवणं माझ्या हातात नसतं. गुडघा, मांडी, कोपर, मनगट, सगळं असंच. ताठरपणा किती ते आकड्यांत लिहिलं जातं. मग चालून दाखवायचं, एका पायावर उभं राहायचं, पळून दाखवायचं. तेवढ्यावर संपत नाही. पहिल्या शर्यतीत तेच लोक बाजूला उभे राहून बघतात, खोलीत दिसलं आणि मैदानावर दिसतंय ते जुळतं का. मग वर्ग मिळतो, आणि तो कायमचा की ठरावीक काळानंतर पुन्हा तपासायचा, तेही ठरतं.

खोलीत तुमच्या शरीरात काय चालत नाही एवढंच मोजलं जातं. तासाभरानं मैदानावर तुम्हाला जे चालतं ते सगळं पणाला लावायचं असतं. हे दोन्ही एका दिवशी मनाला पेलवणं अवघड जातं, विशेषतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला. पहिल्या वेळी बाहेर येऊन मी रडले होते. आत कुणी वाईट वागलं होतं म्हणून नव्हे. एरवी जे मी आयुष्यभर लपवत आले होते ते कुणीतरी शांतपणे, एकेक सांधा करत, कागदावर उतरवलं होतं म्हणून.

तरीही वर्गीकरणाविरुद्ध बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही. पालक चिडतात, मार्गदर्शक चिडतात. "ही तर बरी चालते, हिला टी३५ कसा?" हे मी माझ्याबद्दलही ऐकलंय. कुणाला वरच्या वर्गात टाकलं की एका दिवसात त्याची पदकाची आशा संपते. मोठ्या खेळाडूंचेही वर्ग बदलतात, कधी उलट दिशेनं. अमेरिकेचा निक मेह्यू टोकियो पॅरालिम्पिकच्या आधी टी३८मधून टी३७मध्ये गेला आणि तिथे १०.९५ सेकंदांत शंभर मीटर जिंकून त्यानं विश्वविक्रम केला. अशा बदलांवर वाद होणारच. पण ही व्यवस्था नसती तर मी कधीच शर्यत धावले नसते, फक्त लोकांपुढे पळून दाखवलं असतं. बरोबरीची माणसं शेजारच्या लेनमध्ये असतील तरच शर्यत होते. म्हणून मला वाटतं, वर्गीकरण कडकच असावं. मुद्दाम कमजोरी दाखवणाऱ्याला बंदी व्हावी, आणि होते ते योग्यच आहे. हवं ते एवढंच, की जिल्ह्यातल्या पालकांना ते त्यांच्या भाषेत कुणीतरी आधी समजावून सांगावं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कुठले वैद्यकीय कागद लागतात, खोलीत काय होतं, निर्णय पटला नाही तर काय करायचं, हे आम्ही दुसऱ्या जिल्ह्यांच्या खेळाडूंना विचारत शिकलो.

राज्य स्पर्धांत टी३५च्या मुली इतक्या कमी असत, की आम्हाला टी३६, टी३७च्या मुलींबरोबर एकत्र पळवत. बंदूक वाजली की त्या पुढे निघून जायच्या. प्रेक्षक मला शेवटी येताना बघून टाळ्या वाजवत. मला त्या टाळ्या नको असायच्या, मला घड्याळ हवं असायचं. माझ्या वर्गात मी एकटीच असेन तर पदकही मिळे. तशी पदकं घरी आहेत, पण त्यांच्यापेक्षा मला एक वही जवळची वाटते, ज्यात सरांनी प्रत्येक शर्यतीचं टायमिंग आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे.

त्या वहीतलं सगळ्यात चांगलं टायमिंग दक्षिणेतल्या एका शहरातल्या राष्ट्रीय स्पर्धेतलं आहे. दुपारची शर्यत, अंगाची काहिली करणारं ऊन. इतर मुली वैतागल्या होत्या आणि मी मनातून खूष होते, कारण उन्हानं माझे पाय मऊ होतात. चाळीस मीटरपर्यंत मी चौथी होते. पुढच्या मुलींच्या पाठी दिसत होत्या आणि जोर लावायचा मोह झाला. जबडा आवळायला सुरुवात झाली ती मला स्पष्ट जाणवली, आणि पहिल्यांदाच भर शर्यतीत मी तो सोडून देऊ शकले. त्यानंतर पाय हलके झाले असं काही नाही. ते तसेच होते. फक्त ते साठ मीटरच्या पुढेही येत राहिले. एकीला मी गाठलं, दुसरी थोडक्यात राहिली. तिसरा क्रमांक आला. सतरा सेकंदांच्या आत येण्याची माझी तीच पहिली वेळ. सर पलीकडे उभे होते, त्यांनी वही उघडली आणि पेन सापडेना म्हणून पंचांकडून मागून घेतलं.

पैशांबद्दल थोडक्यात. रेल्वेची सवलत असे, राहायची सोय कधी चांगली असे, कधी नसे. बूट, आहार, फिजिओ हे घरातूनच. माझ्या घरातून ते होऊ शकलं. नारायण ठाकूरनं २०१८च्या जाकार्तातल्या आशियाई पॅरा स्पर्धेत टी३५चं शंभर मीटरचं सुवर्ण मिळवलं. हा मुलगा अनाथाश्रमात वाढला आणि दिल्लीत बस धुण्याचं काम करून त्यानं दिवस काढले होते. ती बातमी मी कापून ठेवली. श्रम करून दमलेले ताठर पाय संध्याकाळी पुन्हा सैल करणं म्हणजे काय, याची मला चांगली कल्पना आहे.

आमच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकले, हे आम्हाला सर नेहमी सांगत. त्या वर्षी त्या स्पर्धांत सेरेब्रल पाल्सी असणाऱ्यांना जागाच नव्हती. ती पहिल्यांदा १९८०च्या आर्नेमच्या खेळांत मिळाली. आणि त्याच १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी काढली, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शिकवणारी शाळा देशात नव्हती. माझ्या आजीच्या ओळखीत असं मूल कुणाकडे तरी होतं म्हणे, पण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. एवढ्या थोड्या काळात आम्ही मागच्या खोलीतून लेनमध्ये आलो आहोत. मार्गदर्शक तयार व्हायला अजून वेळ लागेल हे मला समजतं, पण म्हणून मी गप्प बसणार नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी मी थांबले. सेरेब्रल पाल्सी वाढत नाही, पण शरीर वापरानं झिजतं, आणि आमचं इतरांपेक्षा लवकर. तेवढंच अंतर चालायला आम्हाला जास्त शक्ती खर्च करावी लागते. गुडघे, खुबे, कंबर दुखू लागतात ते तिशीच्या आसपासच. जिल्हा परिषदेत अपंगांच्या राखीव जागेवर नोकरी लागली होती. दिवसभर खुर्चीत बसलं की संध्याकाळी पाय उघडायलाच तास जायचा. मॅडम म्हणाल्या, "आता पळायचं की पन्नाशीत चालायचं, ते तू ठरव." मी ठरवलं. त्याचं दुःख झालं, आणि ते दुःख मी कुणापासून लपवलं नाही.

३० ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये प्रीती पाल धावली. माझाच वर्ग, माझंच अंतर. उत्तर प्रदेशातल्या शेतकरी घरातली मुलगी, लहानपणी वर्षानुवर्षं कॅलिपर वापरलेली, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गजेंद्र सिंग यांच्याकडे तयार झालेली. १४.२१ सेकंद, तिची तोवरची सर्वोत्तम वेळ, आणि कांस्य. चीनची झोउ शिया १३.५८ला पहिली, तिच्याच देशाची ग्वो छियानछियान १३.७४ला दुसरी. पळण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेलं हे पहिलं पॅरालिम्पिक पदक. दोन दिवसांनी दोनशे मीटरमध्ये ३०.०१ सेकंदांत तिनं आणखी एक कांस्य मिळवलं. कचेरीतल्या लोकांनी मला पेढे दिले, जणू पदक मलाच मिळालं होतं. मी ती शंभर मीटरची शर्यत मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावली आणि प्रत्येक वेळी तिच्या जबड्याकडे आणि बोटांकडे बघितलं. टीव्हीवर सगळे तिच्या जिद्दीबद्दल बोलत होते. तिच्या पायांवर, तिच्या सुरुवातीवर, तिच्या वॉर्मअपवर कुणीच काही बोललं नाही. गजेंद्र सिंगांना कुणीतरी तासभर बसवून विचारायला हवं होतं, की तुम्ही हे कसं शिकवलंत. ते उत्तर देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात पोचायला हवं.

झोउ शियानं रिओ, टोकियो आणि पॅरिस अशा तिन्ही वेळी टी३५चं शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं. टोकियोत तिची वेळ १३.०० होती. माझ्यासारख्याच ताठर पायांनी तेरा सेकंद. तो आकडा वाचला की मला अजूनही हुरूप येतो, कारण त्यातून कळतं की या पायांची सीमा कुठे आहे ते अजून कुणालाच माहीत नाही.

सध्या संध्याकाळी कचेरी सुटली की मी मैदानावर जाते. काही मुलं येतात. ज्यांना उभं पळता येत नाही त्यांच्यासाठी तीन चाकांची फ्रेम असते, पेडल नसलेली. छाती टेकवून पायांनी जमिनीला रेटत पळायचं. तिच्याही शर्यती आता जागतिक स्पर्धांत होतात. आमच्याकडे अशी एकच फ्रेम आहे, ती मुलं आळीपाळीनं घेतात. पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी वेग मिळाल्यावर ती मुलं ओरडतात, आणि मी त्यांना ओरडू देते, जबडा वगैरे नंतर.

त्यांच्यात अकरा वर्षांची एक मुलगी आहे, माझ्यासारखीच दोन्ही पायांनी ताठर. तिची आई दर आठवड्याला विचारते, "ताई, हिची चाल सरळ कधी होईल?" मी सांगते, बहुतेक नाही होणार. पण गेल्या पावसाळ्यात साठ मीटरला हिला किती सेकंद लागत होते आणि आता किती लागतात ते बघा. आणि मी वही पुढे करते. आधी आई त्या वहीकडे बघायचीही नाही. आता घरून निघतानाच विचारते, आज टायमिंग घेणार का. मुलीचे वैद्यकीय कागद गोळा झाले आहेत, पुढच्या महिन्यात पुण्याला वर्गीकरण आहे. खोलीत काय काय होईल ते मी तिला टेबलावर बसवून, घोटा हातात घेऊन, आधीच दाखवलं आहे. तोवर दोनशे मीटरचं वळण शिकवायचं आहे. आतल्या लेनमध्ये तिचा डावा पाय उजव्याला अडतो, म्हणून सध्या बाहेरच्या, आठव्या लेनमध्ये पळवते. तिथे वळण कमी असतं. ते जमलं की सातवी, मग सहावी.